विमानामागून झाडू

माझा राग नाकावर असतो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा मी तो लपवायला जात नाही. ज्या दुपारी माझ्या सासूबाई अमेरिकेला निघाल्या, त्याच दुपारी सासऱ्यांनी घरातला झाडू उचलून कपाटावर टाकला आणि माझं डोकं सटकलं.

आमच्याकडची रीत अशी की घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही. पाठोपाठ केर काढला तर गेलेल्या माणसाची पावलं पुसली जातात म्हणे. माझ्या माहेरी अमरावतीलाही हे पाळतात, पण तिथं माणूस गल्लीच्या वळणावरून दिसेनासं झालं की आम्ही मोकळे. इथं सासरी, जबलपूरला, नियम कडक. पोचेपर्यंत म्हणजे पोचेपर्यंत. नागपूरला कुणी गेलं तर संध्याकाळी फोन यायचा, मग झाडू निघायचा, आणि त्यात कुणाचं काही बिघडायचं नाही.

पण सॅन फ्रान्सिस्को म्हणजे नागपूर नव्हे. इथल्या डुमन्याच्या विमानतळावरून आधी दिल्ली. दिल्लीला रात्रभर बसून राहायचं. पहाटे दुसरं विमान, आणि ते जवळजवळ सोळा तास उडत राहणार, बारा हजार किलोमीटरच्या वर. माझी नणंद अंजनी तिकडे राहते, तिला पहिलं बाळ होणार होतं, म्हणून आई, म्हणजे माझ्या सासूबाई सत्यवती, जन्मात पहिल्यांदा विमानात बसल्या. आमचे हे त्यांना दिल्लीपर्यंत सोडायला गेले. म्हणजे सरळ अर्थ असा की घर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातपर्यंत झाडायचं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिवारी मॅडम येणार होत्या.

तिवारी मॅडम म्हणजे आमच्याच अधारतालमधल्या मुलींच्या एका होस्टेलच्या वॉर्डन. मी काही वर्षांपासून घरून डबे करते. चार नोकरदार मुलं, दोन म्हातारी माणसं, असं आपलं किरकोळ चाललेलं. मॅडमना मात्र होस्टेलच्या सगळ्या तीस मुलींचा डबा द्यायचा होता. हे काम मिळालं असतं तर मला खऱ्या अर्थानं स्वतःचा धंदा आहे असं म्हणता आलं असतं, आणि हे मला किती हवं होतं ते मी नवऱ्यालासुद्धा नीट सांगितलं नव्हतं. मॅडम फोनवर स्वच्छ म्हणाल्या होत्या, "पहले दिन खाना तो सब अच्छा ही खिलाते हैं। मैं किचन देखूँगी।"

आता त्या किचनची अवस्था ऐका. निघता निघता बॅग वजनाला जास्त भरली, म्हणून सामानाची काढघाल झाली, आणि त्या ओढाताणीत सावजी मसाल्याची पिशवी फुटली. ओट्यापासून उंबऱ्यापर्यंत लालच लाल. त्यावर चिवड्यातले शेंगदाणे, त्यावर वर्तमानपत्राचे बोळे. आई शिंकत शिंकतच ऑटोत बसल्या.

"बाबा, मसाला तरी काढू द्या," मी म्हटलं.

"हातानं उचल. झाडू नको," बाबा म्हणाले.

"आणि पोछा?"

"पोछा म्हणजे पुसणंच झालं ना."

माझे सासरे दिवाकरराव खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून चार्जमन, म्हणजे एक प्रकारचे सुपरवायझर, म्हणून निवृत्त झाले. स्वभावानं गाईसारखे. मला मुलीसारखं वागवतात, माझ्या हातची बिघडलेली भाजीही मुकाट खातात. पण एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी नाही. मी जुन्या लग्नपत्रिकेचे दोन तुकडे घेऊन जमिनीवर बसले आणि मसाला खरवडायला लागले. जितका उचलला त्याच्या दुप्पट नाकात गेला. शेवटी उठले आणि तोंडाला येईल ते बोलले.

"मग असं करू या बाबा, आई जितकं पुढं जातील तितकं घर झाडत जाऊ. दिल्ली आली की व्हरांडा, चीन आला की बैठक. चालते का?"

हे मी चिडून म्हटलं होतं. बाबा मात्र विचारात पडले.

"बात तर बरोबर आहे," ते म्हणाले. "जितका रस्ता तिचा पार पडला, तितका पडला. मागचं झाडलं तर काय बिघडते? थांब जरा."

आणि ते टेप घेऊन आले.

आमचं घर लांबट आहे. व्हरांडा, बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर, सगळं एका रांगेत, एकामागून एक. बाबांनी पायरीपासून गॅसच्या मागच्या भिंतीपर्यंत माप घेतलं, कागदावर गुणाकार-भागाकार केले आणि हातात खडू घेऊन फरशीवर अख्खा प्रवास मांडला. पायरीवर जबलपूर. चपला काढतो तिथं दिल्ली. बैठकीत चीन. मधल्या खोलीच्या दारात जपान. तिथून पुढं सगळा समुद्र. अमेरिका थेट गॅसच्या शेगडीखाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला हवं होतं स्वयंपाकघर, आणि मीच ते नेऊन अमेरिकेला ठेवलं होतं. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

"बाबा, उलटं करा ना," मी म्हटलं. "स्वयंपाकघर जबलपूर, व्हरांडा अमेरिका."

"काहून? ती काय मागच्या दारानं गेली का?"

मी तोंड फिरवून पोळ्या लाटायला बसले, तिखट पायांनीच.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला की दिल्लीला सुखरूप पोचलो. बाबांनी कपाटावरून झाडू काढून समारंभानं माझ्या हातात दिला. दिल्लीपर्यंतचं झाडलं तर फक्त चपलांची जागा साफ झाली. ह्यांचा परतीचा प्रवास बाकी होता, पण त्याबद्दल बाबा काही बोलले नाहीत. पोराच्या पावलांची त्यांना काळजी नसावी.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा बाबा आंघोळ करून मधल्या दारात खुर्ची टाकून बसले होते. ह्यांनी त्यांच्या मोबाईलमध्ये विमानांचा नकाशा घालून दिला होता. त्यात एक छोटंसं पिवळं विमान होतं आणि ते म्हणजे आई. बाबा चष्मा कपाळावर सरकवून मोबाईल नाकाजवळ धरायचे आणि मध्येच हाक मारायचे, "विनता, चल, अजून दोन फरश्या." मी भाजी टाकून यायची, दोन फरश्या झाडायची, परत जायची. पहिल्या चार खेपांना मी दात-ओठ खाल्ले. पाचव्या खेपेला मीच विचारलं, "आता कुठं आहेत आई?"

"चीनवर. पहाड आहेत खाली, पण वरून चाललं विमान. बिलकुल सरळ."

नऊच्या सुमारास शेजारच्या बेबीताई कढीपत्ता मागायला आल्या. आधी त्यांनी खडूच्या रेघा पाहिल्या, मग खुर्चीवरचे बाबा, मग माझ्या हातातला झाडू.

"काय हो दिवाकरभाऊ, हे काय करून राहिले?"

"सत्यवती जाऊन राहिली," बाबा म्हणाले. "तिच्या मागं मागं साफ करून राहिलो."

बेबीताईंना यात वावगं काही वाटलं नाही. त्यांनी साडी वर धरली, न झाडलेल्या भागात पाय पडू नये म्हणून भिंतीला धरून बसल्या, आणि कढीपत्ता विसरून दोन तास चीनमध्ये गप्पा मारत राहिल्या. विमान जपानच्या पुढं गेलं तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. चहा त्यांनी जपानात बसून प्यायला. मला हसू आवरेना, आणि हसू आलं की माझा राग टिकत नाही, हे माझं फार मोठं वैगुण्य आहे.

पण घड्याळ काही हसत नव्हतं. समुद्र संपता संपेना. मधली खोली अर्धी झाली, पाऊण झाली. मी मनातल्या मनात हिशेब केला, तर पाच वाजता विमान स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या जेमतेम आत आलेलं असणार. मॅडम काही उंबऱ्याजवळच्या दोन फरश्या बघायला येत नव्हत्या. मी एवढीच आशा धरून होते की दिवसभर फरशी फरशी झाडत आल्यावर ऐन वेळी बाबा विरघळतील.

तीनच्या पुढं केव्हातरी ते पिवळं विमान समुद्राच्या मध्ये थबकलं. बाबांनी मोबाईल हलवला. बोटानं नकाशा मोठा केला, लहान केला. मग विमान दिसेनासंच झालं.

"विनता," बाबांचा आवाज बारीक झाला होता. "हे बघ ना काय झालं."

"काही नाही झालं बाबा. भर समुद्रात असं होतं. विमान असतं, नकाशावर दिसत नाही एवढंच. ह्यांनी जाताना सांगितलं होतं ना तुम्हाला."

"हो, सांगितलं होतं."

पण त्यांच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. ते खुर्चीवरून उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. झाडू त्यांनी मांडीवर आडवा ठेवला. बेबीताई जेवून परत आल्या होत्या, त्याही उंबऱ्याशी सरकल्या.

"आता कुठवर झाडायचं?" मी विचारलं.

"कुठवरच नाही. ती कुठं आहे तेच माहीत नाही, तर झाडणार कसं?"

मी वाद घालायला तोंड उघडलं होतं. पण बाबा आपणहून बोलायला लागले, खाली बघत.

"मी खमरियाच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हाची गोष्ट. कामासाठी नेहमी नागपूरला जात होतो. एकदा सिवनीच्या पुढं आमची बस रस्त्यावरून खाली गेली. दरी होती. एका झाडाला अडकली बस, म्हणून वाचलो. मला खरचटलं पण नाही. घरी आलो, सगळं सांगितलं, तर सत्यवती म्हणाली, तुम्ही पोचल्याची खबर येईपर्यंत मी झाडूला हात नाही लावला. दरवेळी सांगत होती ती मला. त्या दिवसापासून माझ्या मनात पक्कं बसलं. मी तिला म्हटलं नाही कधी, पण मी तिच्या भरवशावर फिरलो ना, इतकी वर्षं. आता ती निघाली, तर माझ्याच्यानं एक दिवस नाही होणार का?"

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला त्यांची भयंकर माया आली. एवढा कडक नियम रीतीचा नव्हताच. तो त्यांच्या आणि आईंच्या मधला होता, आणि मी कालपासून त्यावर तणतणत होते.

इतक्यात फाटक वाजलं. बेबीताईंनी खिडकीतून पाहिलं आणि मागे वळून हळूच म्हणाल्या, "तुझी मॅडम आली वाटते." पाच वाजायला अजून बराच अवकाश होता. माणसं नको त्या दिवशी वेळेआधी येतात.

"राहू द्या बाबा," मी म्हटलं. "मी त्यांना सांगते, आज घरात अडचण आहे, उद्या या."

"उद्या नाही यायची ती. दुसरीकडं पाहील."

"पाहू दे."

हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि मलाच नवल वाटलं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मला ते काम किती हवं होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या माणसाला ते बहुतेक माझ्या तोंडावर वाचता आलं. ते भिंतीला धरून उठले आणि झाडू घेऊन स्वयंपाकघरात शिरले.

"बाबा, द्या इकडं. मी झाडते."

"नाही. तुझ्या हातानं नको. उद्या काही कमीजास्त झालं तर जन्मभर तुझ्या मनाला लागून राहील. माझ्या हातानं झालं तर माझं मी पाहीन. बेबीताई, तुम्ही त्या बाईंना जरा बाहेर गुंतवा."

बेबीताई धावल्या. व्हरांड्यातून त्यांचं हिंदी ऐकू यायला लागलं, "आइए आइए दीदी, पहले पानी पीजिए, धूप कितनी है।" आत बाबा वाकून झाडत होते. जन्मात कधी झाडलं नव्हतं, हे पहिल्या हातालाच कळलं. अर्धा मसाला पुढं गेला, अर्धा त्यांच्या पायजम्यावर बसला. ते शिंकत होते, थांबत होते, पुन्हा झाडत होते. मी मागून ओला कपडा फिरवत होते. मध्येच ते काहीतरी पुटपुटले. मला वाटलं देवाचं नाव घेत असतील. कान दिला तर म्हणत होते, "सत्यवती, जरा पाय वर घे. सत्यवती, झालंच आता."

शेगडीखालची शेवटची फरशी झाडून झाली आणि तिवारी मॅडम दारात उभ्या राहिल्या. आधी त्यांना सणसणीत शिंक आली. मग त्यांनी बाबांकडं पाहिलं. बाबा हातात झाडू घेऊन, गुडघ्यापर्यंत लाल होऊन उभे.

"ये आपके ससुरजी हैं?"

"जी."

"झाड़ू यही लगाते हैं?"

खोटं बोलायचा मोह झाला होता. पण म्हटलं, "नहीं मॅडम, आज पहली बार।"

"हमारे यहाँ तो पानी का गिलास भी उठाकर नहीं रखते," मॅडम म्हणाल्या आणि ओट्याखाली वाकल्या. त्यांनी डबे उघडून पाहिले, सिंकच्या कोपऱ्यात बोट फिरवून पाहिलं, पिण्याच्या पाण्याचं भांडं वाकवून पाहिलं. तुरीच्या डाळीचं वरण चमच्यानं चाखलं आणि तिखट थोडं कमी करा म्हणाल्या. त्यांचं नाक अजून लाल होतं. जाताना फाटकाशी वळून म्हणाल्या, "सोमवार से भेज दीजिए। सबका।"

मी बेबीताईंना मिठी मारली. त्यांना मिठीची सवय नाही, त्या अवघडून गेल्या.

आत येऊन बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले. "चलो, अच्छा झालं," म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि परत मोबाईल घेऊन बसले. मी साखर आणून दिली ती त्यांनी हातात तशीच धरून ठेवली. घर आरशासारखं स्वच्छ झालं होतं, मला हवं ते काम मिळालं होतं, आणि त्या घरात आम्ही दोघं आरोपीसारखी बसलो होतो. मी मोठ्या माणसासारखं समजावत होते की समुद्रावर असं होतंच, आणि आतून माझाही जीव थाऱ्यावर नव्हता.

सहाच्या सुमारास ते पिवळं विमान अमेरिकेच्या किनाऱ्यापासून जवळच, काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा उगवलं. बाबांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. साखर तोंडात टाकली. पुढचा वेळ आम्ही दोघांनी त्या विमानावरून नजर हलवली नाही, आणि ते उतरलं तेव्हा बाबा खुर्चीवर मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा अंजनीचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आई. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर, तोंडभर हसू. मागं अंजनी पोटावर हात ठेवून उभी.

"विनता, तुझ्या मॅडमचं काय झालं?" आईंचा पहिला प्रश्न.

"काम मिळालं आई. सोमवारपासून."

"पाहा, मी म्हटलंच होतं. आणि तुम्ही? तोंड काहून एवढंसं करून बसले?"

बाबांनी मोबाईल हातात घेतला आणि ताठ बसले.

"सत्यवती, माझ्याकडून एक चूक झाली. तू समुद्रावर होती, विमान दिसत नव्हतं, आणि मी घर झाडलं. माझ्या हातानं."

"तुम्ही? तुम्हाला झाडता येते?"

"मजाक नको करू. तू पोचायच्या आधी झाडलं मी."

"अहो, झाडलं तर झाडलं. मी नव्हती का झाडत?"

"कधी?"

"तुम्ही नागपूरला गेले की. तुमची बस खमरियाच्या गेटबाहेर पडली की मी झाडू घेत होती. दोन लहान लेकरं घरात, जिकडंतिकडं मुरमुरे. दोन-दोन दिवस कचरा कोण ठेवणार?"

बाबांचा घास हातातच राहिला. "सिवनीला बस खाली गेली, त्या दिवशी?"

"त्या दिवशी तर दिवाळीची सफाई काढली होती. जाळे पण काढले."

पलीकडं अंजनी हसत हसत खाली बसली. मी इकडं ओठ दाबून धरले होते. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी मोबाईल जरा जवळ घेतला.

"मग मला काहून सांगत होती, झाडूला हात नाही लावला म्हणून?"

"तुम्हाला बरं वाटत होतं ना ऐकून. दमून येत होते तुम्ही."

बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी असाच पोचत होतो?"

"असेच कुठं," आई म्हणाल्या. "घर साफ करून वाट पाहत होती ना मी."